एका गेमिंग संगणकाचे अपग्रेड : आधी मोजणी, मग ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर

माझ्या भाच्याने २०१९ साली जोडून घेतलेल्या संगणकात रायझन ५ २६०० हा प्रोसेसर, बी४५० चिपसेटचा मदरबोर्ड, आठ-आठ जीबीच्या दोन डीडीआर४ रॅम, सहा जीबी मेमरीचे जीटीएक्स १०६० ग्राफिक्स कार्ड आणि ५५० वॅटचा एसएमपीएस (वीज पुरवणारा भाग) आहे. १०८०पी रिझोल्यूशनच्या (चित्राची उंची १०८० पिक्सेल), ६० हर्ट्झच्या (सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणाऱ्या) मॉनिटरवर या संगणकाने त्याला अनेक वर्षे चांगली साथ दिली. मग त्याने १४४०पी रिझोल्यूशनचा, १६५ हर्ट्झचा मॉनिटर घेतला आणि त्याच संध्याकाळी त्याचा फोन आला. "मामा, मॉनिटर एकदम मस्त आहे, पण आता गेमच धड चालत नाहीत. कार्ड बदलून टाकतो. आरटीएक्स ५०६० घेऊ ना?"

त्याची तक्रार खरी होती. १०८०पी चित्रात सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात आणि १४४०पी चित्रात सुमारे ३६.९ लाख, म्हणजे मॉनिटर बदलताक्षणी कार्डाच्या डोक्यावर जवळजवळ पावणेदोन पट काम येऊन पडले. शिवाय हे कार्ड २०१६ सालच्या पिढीचे. त्यात रे ट्रेसिंगसाठी (प्रकाशकिरणांचा माग काढून सावल्या-प्रतिबिंबे रेखाटण्यासाठी) वेगळी यंत्रणा नाही, मेश शेडरची (वस्तूंचे आकार रचण्याच्या नव्या पद्धतीची) सोय नाही, आणि या दोन्हींपैकी एखादी गोष्ट अनिवार्य मानणारे गेम आता येऊ लागले आहेत. या पिढीसाठी नव्या गेमनुसार सुधारलेले ड्रायव्हर (कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) देणे ते बनवणाऱ्या एनव्हिडियाने ऑक्टोबर २०२५ पासून थांबवले असून ऑक्टोबर २०२८ पर्यंत केवळ सुरक्षाविषयक दुरुस्त्या मिळणार आहेत. तेव्हा कार्ड बदलायचे यात वाद नव्हता. प्रश्न एवढाच होता, की केवळ कार्ड बदलून त्याला हवा तो परिणाम मिळेल का, आणि मिळणार असेल तर ते कार्ड आरटीएक्स ५०६० असावे का. मी त्याला आठ दिवस थांबायला सांगितले आणि रविवारी त्याच्याकडे जाऊन बसलो.

आधी मोजणी

प्रत्येक फ्रेमसाठी, म्हणजे स्क्रीनवर येणाऱ्या प्रत्येक चित्रासाठी, दोन कामे एकामागोमाग होत असतात. गेमच्या जगात कोण कुठे आहे, कोणती वस्तू कशावर आदळली, शत्रूने पुढे काय करायचे, इंटरनेटवरून दुसऱ्या खेळाडूंची कोणती माहिती आली, हे सगळे हिशेब प्रोसेसर करतो आणि शेवटी काय काय रेखाटायचे त्याची यादी कार्डाच्या हवाली करतो. ती यादी घेऊन प्रत्यक्ष चित्र रंगवण्याचे काम कार्डाचे. यांपैकी जो संथ असेल त्याच्या वेगाने फ्रेम मिळतात, दुसरा कितीही जोरकस असला तरी तो वाट पाहत बसतो. म्हणून प्रत्येक गेमला एकाच संगणकावर दोन स्वतंत्र मर्यादा असतात, एक कार्डाची आणि एक प्रोसेसरची, आणि आपल्याला स्क्रीनवर दिसते ती त्यांतली फक्त खालची. वरची मर्यादा किती वर आहे हे दिसत नाही, आणि अपग्रेडचे पैसे बहुतेक वेळा याच न दिसणाऱ्या आकड्यामुळे वाया जातात.

ती दुसरी मर्यादा शोधण्याची रीत साधी आहे. गेमच्या बाकीच्या सेटिंगला हात न लावता केवळ रिझोल्यूशन ७२०पी इतके खाली आणायचे. चित्र धुरकट दिसते, पण कार्डाचे काम एकदम हलके होते आणि प्रोसेसरचे काम मात्र जवळजवळ होते तितकेच राहते, कारण शत्रूंची संख्या किंवा आदळआपट पिक्सेल मोजून ठरत नसते. अशा वेळी मिळणारा वेग ही प्रोसेसरची मर्यादा. अनेकजण या चाचणीत सगळीच सेटिंग सर्वांत खालच्या पातळीवर आणतात आणि तिथे फसतात. किती दूरपर्यंतचे जग दाखवायचे, रस्त्यावर गर्दी किती ठेवायची, अशा सेटिंगचा भार प्रोसेसरवरही असतो, त्यामुळे ती उतरवली की प्रोसेसर आहे त्यापेक्षा चांगला भासू लागतो. व्ही-सिंक (फ्रेमचा वेग मॉनिटरच्या दराला बांधणारी सोय) आणि फ्रेमवरचे इतर सर्व लगामही चाचणीपुरते काढून टाकावे लागतात.

भाचा मुख्यतः दोन गेम खेळतो. एक स्पर्धात्मक नेमबाजीचा, ज्यात त्याला जास्तीत जास्त फ्रेम हव्या असतात, आणि दुसरा मोठ्या खुल्या जगाचा, एकट्याने निवांत खेळायचा. एमएसआय आफ्टरबर्नर हे मोजणीचे सॉफ्टवेअर लावून स्क्रीनच्या कोपऱ्यात आकडे ठेवले आणि दोन्ही गेममध्ये ठरावीक जागी, ठरावीक वाटेने तीन-तीन वेळा फिरलो. नेमबाजीच्या गेममध्ये १४४०पी वर सेकंदाला सरासरी ९० फ्रेम मिळत होत्या आणि कार्डाचा वापर ९८ टक्के होता, म्हणजे गाडे कार्डाशी अडले होते हे स्पष्टच होते. ७२०पी वर मात्र वेग ११५ वर जाऊन थांबला, कार्डाचा वापर साठीत घसरला आणि आणखी रिझोल्यूशन कमी केले तरी आकडा हलेना. खुल्या जगाच्या गेममध्ये हेच आकडे अनुक्रमे ३८ आणि ५८ असे आले. त्यातही शहराच्या बाजारपेठेतून घोडा दौडवताना दर काही सेकंदांनी चित्र झटका खात होते, आणि ७२०पी वरही ते झटके तसेच राहिले.

भाच्याने टास्क मॅनेजर उघडून दाखवला. "पण मामा, प्रोसेसर तर पन्नास टक्केसुद्धा वापरला जात नाहीये." हा गैरसमज फार जणांचा असतो, म्हणून इथे थोडे थांबायला हवे. २६०० मध्ये सहा कोर (हिशेब करणारे भाग) आणि बारा थ्रेड (एका वेळी चालणारे कामांचे धागे) आहेत, आणि टास्क मॅनेजरचा आकडा या बाराही थ्रेडची सरासरी असतो. एकच थ्रेड शंभर टक्के राबत असेल आणि बाकी अकरा रिकामे असतील, तर तो आकडा अवघा ८.३ टक्के दिसेल. बहुतेक गेममध्ये एक मुख्य थ्रेड असतो आणि बाकीच्यांना त्याच्यासाठी थांबावे लागते. त्यामुळे प्रोसेसर अर्धा रिकामा दिसत असतानाही फ्रेम त्याच्यापाशीच अडलेली असू शकते. याची खरी खूण कार्डाच्या वापरात असते. कोणताही लगाम नसताना कार्ड ९५ टक्क्यांच्या बरेच खाली राहत असेल, तर प्रोसेसर किंवा रॅम त्याला पुरेसे काम देऊ शकत नाही असे समजावे.

या आकड्यांचा अर्थ त्याला कागदावर लिहून दाखवला. कितीही भारी कार्ड घातले तरी नेमबाजीचा गेम ९० वरून ११५ पर्यंत जाईल आणि तिथेच थांबेल. १६५ हर्ट्झच्या मॉनिटरला दर ६.०६ मिलिसेकंदांनी नवी फ्रेम हवी असते, आणि हा प्रोसेसर एक फ्रेम तयार करायला जवळजवळ ८.७ मिलिसेकंद घेत होता.

रॅममध्ये मुरलेले पाणी

११५ हा आकडा मला मात्र खटकत होता. २६०० जुना असला तरी इतका मागे पडायला नको होता. कॅबिनेटची बाजूची काच उघडली आणि कारण डोळ्यांसमोरच दिसले. दोन्ही रॅम प्रोसेसरपासून मोजल्यास पहिल्या आणि दुसऱ्या स्लॉटमध्ये, एकमेकींना चिकटून बसवलेल्या होत्या. चार स्लॉटच्या बहुतेक मदरबोर्डांवर पहिले दोन स्लॉट एका चॅनेलचे आणि पुढचे दोन दुसऱ्या चॅनेलचे असतात, म्हणून दोनच रॅम असतील तर त्या दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावायच्या असतात. इथे एक चॅनेल गेली सहा-सात वर्षे पूर्ण रिकामा होता. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) पाहिले तर रॅमला छापील वेगाने चालवणारे एक्सएमपीही बंद. रॅमवरच्या चिठ्ठीवर ३२०० हा वेग छापलेला होता आणि ती धावत होती २१३३ वर.

या दोन चुकांची एकत्रित किंमत आकड्यांत मांडता येते. २१३३ च्या वेगाने एका चॅनेलमधून सेकंदाला जास्तीत जास्त सुमारे १७ जीबी माहिती जाऊ शकते, तर ३२०० च्या वेगाने दोन चॅनेलमधून ५१.२ जीबी, म्हणजे सरळ तिप्पट. रायझनच्या या पिढीला त्याचा फटका जास्तच बसतो. २६०० चे सहा कोर तीन-तीनच्या दोन गटांत विभागलेले आहेत, प्रत्येक गटाजवळ आठ-आठ एमबीची एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली जलद मेमरी) आहे, आणि एका गटाला दुसऱ्याकडची माहिती हवी असेल तर ती ज्या अंतर्गत मार्गाने जाते त्या मार्गाचा वेग रॅमच्या वेगाशी बांधलेला असतो. रॅम संथ ठेवली की प्रोसेसरच्या आतले बोलणेही संथ होते.

रॅम दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये हलवल्या आणि एक्सएमपी चालू केले. २६०० साठी रायझन बनवणाऱ्या एएमडीने अधिकृतपणे २९३३ पर्यंतच हमी दिलेली आहे, त्यामुळे ३२०० चालेलच असे गृहीत धरता येत नाही. रात्रभर मेमरीची चाचणी लावून ठेवली, सकाळपर्यंत एकही चूक निघाली नाही, तेव्हाच ती सेटिंग कायम केली. पुन्हा मोजल्यावर प्रोसेसरची मर्यादा नेमबाजीच्या गेममध्ये ११५ वरून १३८ वर आणि खुल्या जगाच्या गेममध्ये ५८ वरून ६८ वर गेली. काहीही विकत न घेता हे मिळाले, आणि मला स्वतःला या प्रकरणातला सर्वांत समाधानाचा क्षण हाच वाटतो. ज्याच्या संगणकात दोन रॅम आहेत त्याने अपग्रेडचा विचार करण्याआधी एकदा काच उघडून स्लॉट मोजावेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

प्रोसेसर कोणता

१३८ ही मर्यादाही मॉनिटरच्या १६५ पेक्षा कमीच होती आणि बाजारपेठेतले झटके कमी झाले तरी गेले नव्हते. म्हणून प्रोसेसर बदलणे आवश्यक ठरले. इथे दोन वाटा होत्या. एएम५ या नव्या सॉकेटकडे (प्रोसेसर बसण्याच्या खाचेकडे) जायचे तर मदरबोर्ड, डीडीआर५ रॅम आणि प्रोसेसर अशा तिन्ही गोष्टी एकदम बदलाव्या लागतात, आणि मग कार्डासाठी हाती फारसे काही उरत नाही. दुसरी वाट म्हणजे आहे त्याच एएम४ मदरबोर्डवर त्याच सॉकेटचा झेन ३ पिढीचा प्रोसेसर बसवणे. १४४०पी वर शेवटी कार्डाचेच वजन जास्त असते, हे लक्षात घेता दुसरी वाट आम्ही फार चर्चा न करता स्वीकारली.

त्या पिढीतल्या नावांत मात्र चकवे आहेत. रायझन ५ ५६०० मध्ये सहा कोर एकाच गटात असून ३२ एमबी एल३ कॅश त्या सगळ्यांच्या सामाईक मालकीची आहे, त्यामुळे २६०० मधला गटागटांतला फेरा इथे संपतो. रायझन ५ ५५०० नावावरून त्याचा धाकटा भाऊ वाटतो, पण त्याची घडणच वेगळी आहे आणि एल३ कॅश १६ एमबीच आहे. हाच प्रकार रायझन ७ ५७०० चा. नावापुढे एक्स नसलेला ५७०० आणि एक्स असलेला ५७००एक्स यांत केवळ वेगाचा फरक असेल असे कोणालाही वाटावे, परंतु पहिल्यात १६ एमबी कॅश आहे आणि दुसऱ्यात ३२. गेमसाठी आठ कोरांच्या ५७०० पेक्षा सहा कोरांचा ५६०० सहसा चांगला ठरतो, तो या कॅशमुळेच.

भाच्याच्या मनात ५८००एक्स३डी होता. २०२२ साली आलेल्या त्या प्रोसेसरवर कॅशचा जादा थर चढवून एल३ ९६ एमबी केलेली आहे, आणि गेमच्या बाबतीत एएम४ वर त्याच्या तोडीचे फारच थोडे आहे. ५७००एक्स३डी हे त्याचेच थोडे संथ रूप. पण हे दोन्ही १०५ वॅटचे प्रोसेसर आहेत, त्यांच्या डब्यात कूलर येत नाही आणि २६०० सोबत आलेला छोटा कूलर त्यांना पुरत नाही. शिवाय मोजलेल्या आकड्यांकडे पाहिले तर गरज तेवढी नव्हती. मॉनिटर १६५ चा आहे, आणि ५६०० ची मर्यादा नेमबाजीत त्याच्या वर जाईल असा माझा अंदाज होता. तो मोठे सिम्युलेशनचे किंवा हजारो सैनिक हलवण्याचे डावपेचांचे गेम खेळत असता, किंवा त्याचा मॉनिटर २४० हर्ट्झचा असता, तर मी स्वतः त्याला एक्स३डी शोधायला लावला असता. ५६०० हा ६५ वॅटचाच आहे आणि सोबत कूलर घेऊन येतो. आम्ही तोच घेतला.

प्रोसेसर बसवण्याआधी, जुना प्रोसेसर जागेवर असतानाच बायोस अद्ययावत करून घ्यावा लागतो, कारण २०१९ सालच्या बायोसला २०२२ सालचा प्रोसेसर ओळखता येत नाही आणि स्क्रीन काळीच राहते. मदरबोर्डच्या कंपनीच्या यादीत कोणत्या आवृत्तीपासून ५६०० चालतो ते पाहिले, तिथल्या सूचना नीट वाचल्या, फाइल पेनड्राइव्हवर घेतली आणि वीज जाणार नाही अशी खात्री करून ते काम उरकले. त्याआधी विंडोजमधले ड्राइव्हचे एन्क्रिप्शन तात्पुरते स्थगित करून त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवली होती. एन्क्रिप्शनच्या किल्ल्या जपणारे टीपीएम प्रोसेसरच्या आत असल्याने प्रोसेसर बदलला की जुन्या किल्ल्या निकामी होतात, आणि ती की जवळ नसेल तर स्वतःच्याच फायलींना मुकण्याची वेळ येते.

कूलर काढताना आम्ही आधी अर्धा तास गेम चालवून प्रोसेसर तापवून घेतला. एएम४ प्रोसेसरच्या पोटाला १३३१ पिना असतात आणि तो सॉकेटमध्ये केवळ एका आडव्या दांडीने धरलेला असतो. थर्मल पेस्ट (उष्णता कूलरकडे नेणारा लेप) थंड आणि वाळलेली असेल आणि कूलर सरळ वर ओढला, तर दांडी लागलेली असूनही प्रोसेसर कूलरला चिकटून बाहेर येतो आणि पिना वाकतात. काही वर्षांपूर्वी माझ्या हातून हे घडलेले आहे, आणि दाढीच्या पात्याच्या कडेने एकेक पिन सरळ करताना गेलेली ती दुपार मी विसरलेलो नाही. या वेळी संगणक बंद करून वीज काढली, लगेच चारही स्क्रू सैल केले, कूलर दोन्ही हातांनी धरून डावीकडे-उजवीकडे हलकेच पिळला. मऊ झालेली पेस्ट सुटल्याचा बारीक चिकट आवाज आला, आणि मगच तो वर उचलला. प्रोसेसर जागचा हललाही नव्हता.

बायोस बदलल्यावर एक्सएमपी पुन्हा बंद झालेले असते, ते आठवणीने चालू केले. त्यानंतर भाच्याने उत्साहाने १४४०पी वर गेम उघडला आणि त्याचा चेहरा उतरला. ९० च्या जागी ९२. "काहीच फरक नाही की मामा!" जुनेच कार्ड असल्याने खालची मर्यादा अजून तीच होती, त्यामुळे सरासरी वाढणे शक्यच नव्हते. ७२०पी वर मोजल्यावर वर सरकलेली मर्यादा दिसली : नेमबाजीत २०० आणि खुल्या जगात ९५. बाजारपेठेतले झटकेही थांबले होते. आता नव्या कार्डाला वाट मोकळी होती.

कार्ड कोणते

आरटीएक्स ५०६० हे कार्ड वाईट नाही, पण या मदरबोर्डवर, या मॉनिटरसाठी ते मला पटत नव्हते. त्याची कारणे दोन असून ती एकमेकांत गुंतलेली आहेत. पहिले म्हणजे त्याची मेमरी आठ जीबी आहे. १४४०पी वर उच्च प्रतीचे टेक्स्चर (पृष्ठभागांची चित्रे) लावले, त्यावर रे ट्रेसिंग चढवले, की आजचे अनेक गेम आठ जीबीच्या पुढे जातात. मेमरी भरली की कार्ड उरलेली माहिती संगणकाच्या रॅममध्ये ठेवते आणि लागेल तेव्हा पीसीआय एक्सप्रेस या कार्ड आणि मदरबोर्ड जोडणाऱ्या मार्गाने ओढून आणते. दुसरे कारण हा मार्गच आहे. ५०६० ला पीसीआय एक्सप्रेस ५.० च्या आठ लेन आहेत. नव्या मदरबोर्डवर आठ लेन भरपूर होतात, पण बी४५० वर हा स्लॉट ३.० पिढीचा आहे, जिथे एका लेनमधून सेकंदाला जेमतेम एक जीबी जाते. म्हणजे आठ लेनमधून सुमारे ७.९ जीबी. या कार्डाची स्वतःची मेमरी सेकंदाला ४४८ जीबी वेगाने वाचली जाते. पन्नास पटींहून अधिक फरकाच्या या चिंचोळ्या वाटेने टेक्स्चर येऊ लागले की सरासरी आकडा फारसा बिघडलेला दिसत नाही, पण मान वळवताक्षणी चित्र अडखळते, भिंती क्षणभर पुसट दिसतात, आणि खेळणाऱ्याला संगणकात काहीतरी बिघडले आहे असे वाटत राहते. रॅमच्या चुकीच्या स्लॉटमधून सुटून पुन्हा याच त्रासात पडणे म्हणजे आगीतून फुफाट्यात जाणे झाले असते.

मेमरी पुरेशी असेल तर आठ लेनचा हा तोटा बराच कमी होतो, कारण मग त्या वाटेने सतत ये-जा करावीच लागत नाही. त्या दृष्टीने १६ जीबीचे आरटीएक्स ५०६० टीआय हा योग्य पर्याय होता. त्याला लेन आठच आहेत, पण मेमरी दुप्पट आहे. दुसरा पर्याय एएमडीचे १६ जीबीचे आरएक्स ९०६० एक्सटी, ज्याला पूर्ण सोळा लेन आहेत, त्यामुळे ३.० च्या जुन्या स्लॉटवरही सुमारे १५.८ जीबीचा मार्ग मिळतो. रे ट्रेसिंग आणि डीएलएसएस (लहान चित्र रेखाटून ते मोठे करण्याची एनव्हिडियाची सोय) यांना ज्याच्या लेखी मोठे महत्त्व आहे त्याने एनव्हिडियाकडे झुकावे, हे मी मान्य करतो. एएमडीच्या तशाच एफएसआर ४ मुळे ते अंतर बरेच कमी झाले आहे, पण ती सोय असलेले गेम डीएलएसएसच्या मानाने कमी आहेत. भाच्याच्या दोन गेमपैकी नेमबाजीच्या गेममध्ये तो यांपैकी काहीच वापरत नाही आणि दुसऱ्यात दोन्ही उपलब्ध आहेत.

बारा जीबीचे इंटेल आर्क बी५८० हे कार्डही आम्ही विचारात घेतले होते. मात्र त्याच्या ड्रायव्हरचा प्रोसेसरवर पडणारा भार मोठा आहे आणि जुन्या, मध्यम प्रोसेसरसोबत ते आपली पूर्ण ताकद दाखवत नाही, हे ते आल्यानंतर लवकरच चाचण्यांतून पुढे आले होते. ज्या संगणकात प्रोसेसरची मर्यादा हाच दुखरा भाग होता तिथे ते बसवण्याचे कारण नव्हते. जुन्या बाजारातले आरएक्स ६७०० एक्सटी घ्यावे असेही एका मित्राने सुचवले. त्याला बारा जीबी आणि सोळा लेन आहेत, पण ते २३० वॅट घेते, आणि सहा-सात वर्षे चाललेल्या एसएमपीएसवर एवढा बोजा टाकण्याची माझी तयारी नव्हती.

विजेचा हिशेब इथेच मांडतो. १६ जीबीच्या ९०६० एक्सटीचा मूळ आकडा १६० वॅट आहे, काही कंपन्यांची कार्डे त्याहून थोडे जास्त घेतात. त्यात ५६०० आणि बाकीचे भाग धरले तरी ऐन गेममध्ये एकूण मागणी तीनशे वॅटच्या आसपास राहते. ५५० वॅटचा, चांगल्या बनावटीचा एसएमपीएस यासाठी पुरतो. तरीही त्याचा पंखा फिरतो का, बारा व्होल्टचा आकडा भाराखाली खाली घसरतो का, हे आधी पाहून घेतले. कार्डाची लांबीही फीतपट्टीने मोजली, मागच्या पट्टीपासून पुढच्या पंख्यापर्यंत, कारण तीन पंख्यांची काही कार्डे या कॅबिनेटमध्ये पुढच्या पंख्याला टेकली असती. दोन पंख्यांचे ९०६० एक्सटी निवडले.

बदलानंतर

जुने ड्रायव्हर पूर्ण काढून, नवे कार्ड बसवून, बायोसमध्ये रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) चालू करून पुन्हा त्याच जागी, त्याच वाटेने मोजणी केली. नेमबाजीच्या गेममध्ये कार्डाची मर्यादा प्रोसेसरच्या पुढे निघून गेली, म्हणून वेग २०० च्या आसपास थांबला. तिथे आम्ही फ्रेमवर १६० चा लगाम लावला. मॉनिटरच्या कमाल दराच्या किंचित खाली राहिले की त्याचे बदलते रिफ्रेश (फ्रेम येईल तसे चित्र बदलण्याची सोय) सतत काम करते, चित्र फाटत नाही, आणि कार्ड व प्रोसेसर दोघांनाही थोडी उसंत मिळून फ्रेममधले अंतर एकसारखे राहते. भाच्याला सरासरीपेक्षा हा एकसारखेपणाच अधिक जाणवला.

खुल्या जगाच्या गेममध्ये सेटिंग मध्यमवरून उच्चवर नेऊन, १४४०पी वर सरासरी ८२ फ्रेम मिळाल्या, कार्डाचा वापर ९७ टक्के होता आणि सर्वांत संथ एक टक्का फ्रेमचा वेगही साठच्या वर राहिला. मग त्याने एफएसआर क्वालिटी मोडवर लावले, म्हणजे गेम आतून ९६०पी वर रेखाटून १४४०पी पर्यंत वाढवू लागला. वेग ९४ वर गेला आणि तिथेच अडला, कार्डाचा वापर ऐंशीच्या घरात आला. ही आपली मोजलेली प्रोसेसरची मर्यादा. असे अपस्केलिंग कार्डाचे काम हलके करते, प्रोसेसरचे नाही. जुना २६०० तसाच ठेवून हे कार्ड घातले असते, तर रॅम दुरुस्त करूनही हा गेम ६८ च्या पुढे गेला नसता आणि एफएसआर लावून काडीचाही फरक पडला नसता. फ्रेम जनरेशनने (दोन फ्रेमच्या मध्ये कृत्रिम फ्रेम भरण्याने) आकडा वाढलेला दिसला असता, पण माउस हलवल्यावर मिळणारा प्रतिसाद त्या ६८ चाच राहिला असता.

आता त्याला १६ जीबी रॅमच्या ३२ करायच्या आहेत. खुल्या जगाचा गेम, ब्राउझर आणि मित्रांशी बोलण्याचे अॅप एकाच वेळी चालू असताना रॅमचा वापर साडेतेरा जीबीपर्यंत गेलेला आम्ही पाहिला आहे. उरलेल्या दोन स्लॉटमध्ये आणखी दोन रॅम घातल्या तर चारही मिळून ३२०० वर स्थिर राहतीलच असे नाही, म्हणून घ्यायचीच झाली तर सोळा-सोळाची नवी जोडी घ्यावी लागेल. महिनाभर वापराचा आकडा टिपून ठेव, तो पंधराच्या वर जाऊ लागला की सांग, असे मी त्याला सांगितले आहे. त्याने त्यासाठी वहीचे एक पान राखून ठेवले आहे.